एक की सात

सर, शोकसभेच्या पत्रकासाठी तुमच्याबद्दल पाऊण पान लिहून द्या, असं तुमच्या मुलाने पुण्याहून फोन करून सांगितलं होतं. जन्म, गाव, लष्करातली नोकरी, उल्हासनगरातली टायपिंग इन्स्टिट्यूट, विद्यार्थी घडवले वगैरे. मी दोन संध्याकाळी बसले. "घडवले" हा शब्द टाइप केला आणि खोडला. तुम्हाला तो चालायचा नाही. "आपण काय कुंभार आहोत? बोटं कुठे ठेवायची ते सांगतो, बस्स," असं तुम्ही कुणाला तरी म्हणाला होतात. ते पाऊण पान शेवटी तुमच्या सुनेने लिहिलं. बरं लिहिलंय. तारखा मी तपासल्या, बरोबर आहेत.

हे वेगळं लिहितेय. कुठे छापायला नाही. तुम्ही गेल्याला अकरा दिवस झाले. परीक्षा तोंडावर आहे, तिन्ही बॅच मी एकटी घेतेय. दुपारी दोन ते तीनच्या मोकळ्या तासात तुमच्या खुर्चीकडे पाठ करून डबा खाते. रडायला वेळ मिळाला नाही असं नाही, मिळाला, पण रडू येत नाही. नुसतं दमायला होतं. इतकी वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडलो आणि ते भांडण संपायच्या आत तुम्ही उठून गेलात. एरवी, एक दुपार सोडली तर, बॅच सुटल्याशिवाय कधी उठला नव्हतात.

बा मला पहिल्यांदा तुमच्याकडे घेऊन आला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मोरिवलीची आमची भातखाचरं कारखान्यांत गेली होती आणि आमच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या केमिकल कंपनीच्या गेटवर बा वॉचमन होता. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या तुमच्या खोलीच्या दारात त्याने चपला काढल्या. आत बारा मशिनं एकदम वाजत होती, त्यामुळे त्याला ओरडून बोलावं लागलं. "मास्तर, पोर हुशार हाय. तिला मशिनीवरचा काम शिकवा. घरान बसून काय करल?"

तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत, माझ्याकडे वळलात. "तुला शिकायचंय का?"

मला काय हवंय हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी बाच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, त्याला नाही, तुला विचारतोय. मी हो म्हटलं. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत.

तुमचा एकच नियम होता आणि तो आम्हा पोरींना विचित्र वाटायचा. चूक झाली तर तुम्ही रागवायचा नाहीत, पान बदलून द्यायचात. पण हस्ताक्षर लागलं नाही म्हणून कुणी अंदाजाने काही टाइप केलं, तर तुमचा आवाज बदलायचा. "अक्षर चुकलं तर वाचणारा सावरून घेतो. आकडा चुकला तर तोच खरा होतो. लागला नाही तर विचार. विचारायला काय जातंय तुझं?"

त्या वेळी इन्स्टिट्यूटमध्ये बाहेरची टायपिंगची कामंही यायची. अर्ज, प्रतिज्ञापत्रं. जरा हात बसल्यावर ती तुम्ही मला द्यायला लागलात. कॅम्प पाचमधले लछमनदास म्हणून एक म्हातारे सिंधी गृहस्थ होते, फाळणीनंतर आई-वडिलांबरोबर सिंधमधून आलेले. निर्वासितांना दिलेल्या बराकीत त्यांची खोली होती, ती नावावर करून घ्यायचा अर्ज त्यांनी हाताने लिहून आणला होता. बराकीच्या नंबरातला शेवटचा इंग्रजी आकडा एक होता की सात, ते कळत नव्हतं. मी सात टाइप केला.

तुम्ही विचारलंत, "कशावरून सात?"

"तसंच दिसतंय ना सर."

तुम्ही मशिनीतून कागद ओढून काढलात. मे महिना होता, दुपारचा एक वाजला होता. बॅच अर्ध्यावर सोडून दिलीत, दाराला कुलूप लावलंत आणि मला घेऊन कॅम्प पाचपर्यंत चालत गेलात. लछमनदास बराकीच्या पुढच्या सावलीत खाटेवर बसले होते. आपण कशासाठी आलो ते ऐकून ते हसायला लागले. "मास्टर, इतनी धूप में एक आकड़े के लिए? एक हो या सात, घर तो मेरा यही है ना."

"काग़ज़ पे भी यही रहे दादा, इसलिए आया हूँ," तुम्ही म्हणालात.

तो एक निघाला. परतताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात. तुम्ही स्वतः घेतला नाहीत. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मनात म्हटलं, मास्तर जरा सणकी आहेत. घरी आयला तसं सांगितलंही.

मी परीक्षा पास झाले, कल्याणला एका वकिलाकडे नोकरी केली, लग्न झालं, मुलगी झाली. मग ती नोकरी सुटली आणि तुम्ही बोलावून घेतलंत, म्हणून शिकवायला तुमच्याकडे आले. ते कारगिलच्या लढाईचं वर्ष. शेजारच्या कॅसेटच्या दुकानात टीव्ही दिवसभर चालू असायचा आणि बातम्यांत दर दोन मिनिटांनी नियंत्रण रेषा, नियंत्रण रेषा. तीनची बॅच यायची होती. तुम्ही मशिनीला तेल घालत होतात. मान वर न करता म्हणालात, "कुंदा, ती रेषा मी टाइप केलीय."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

त्या दुपारी तुम्ही जे सांगितलंत ते पुढे इतक्या वेळा ऐकलं, की आता ते मला माझ्याच आठवणीसारखं दिसतं. एकाहत्तरची लढाई थांबली तेव्हा दोन्ही फौजा जिथे होत्या तिथे उभ्या राहिल्या. मग ठरवायचं होतं, की रेषा नक्की कुठून कुठे जाते. दोन्हीकडचे अधिकारी भेटायचे, नकाशे पसरायचे, अडायचे, उठून जायचे, पुन्हा भेटायचे. महिनोन्‌महिने ते चाललं. नकाशावर पेनाने रेघ ओढून भागत नव्हतं, कारण रेघेच्या जाडीतच जमिनीवरचं एखादं शेत बसतं. म्हणून तीच रेषा शब्दांतही लिहायची होती. अमक्या शिखरापासून तमक्या नाल्यापर्यंत, नाल्याच्या तोंडापासून पुढच्या बिंदूपर्यंत, आणि प्रत्येक बिंदूला सहा आकडी नंबर. तुम्ही तेव्हा तेवीस वर्षांचे, लष्करात क्लार्क. बोटं सगळ्यांत जलद चालायची, म्हणून एका भागाचा मजकूर टाइप करायला तुम्हाला बोलावलं. दाराशी पहारा, कार्बनचे कागदसुद्धा मोजून दिलेले. खाडाखोड चालणार नव्हती. एक अक्षर चुकलं, की सगळा गठ्ठा नव्याने.

मसुदा एका साहेबांनी हाताने लिहिला होता. तीन दिवस त्यांना धड झोप मिळाली नव्हती. त्या दिवशी दुपारी मसुदा तुमच्या हाती देऊन ते आतल्या खोलीत आडवे झाले. निम्म्यावर आलात आणि एका नंबरातला शेवटचा आकडा अडला. चोच काढलेला एक, की मधली आडवी दांडी नसलेला सात? तुम्ही उठून दारापर्यंत गेलात.

"बूटसुद्धा काढले नव्हते त्यांनी," तुम्ही म्हणालात. "तोंड उघडं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. जरा वेळ उभा राहिलो आणि परत आलो."

परत येऊन तुम्ही मसुद्यातले बाकीचे एक आणि सात काढून शेजारी शेजारी ताडून बघितलेत. काही असे होते, काही तसे. तुम्ही सात टाइप केलात.

मी विचारलं, तपासलं असेल की कुणीतरी. तुम्ही म्हणालात, "तपासलं ना. मी मसुदा मोठ्याने वाचला आणि मी टाइप केलेला कागद दुसऱ्या क्लार्कने बघितला. मी सात वाचलं, त्याला सात दिसलं. दोघंही बरोबर." पुढे वरच्या लोकांनी नकाशाशी ताडून पाहिलं असेल, नसेल, ते तुमच्यापर्यंत कधी आलं नाही. मसुदा जाळायचा हुकूम होता, तो तुम्हीच जाळलात. शेवटच्या आकड्यात एकाचा सात झाला तर जमिनीवर सहाशे मीटरचा फरक पडतो, हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं.

तीन वर्षांनी साताऱ्याकडे, तुमच्या गावच्या एका लग्नात, त्या भागात राहून आलेला एक जवान पंगतीत तुमच्या शेजारी बसला. त्याने सहज गप्पांत सांगितलं, की एका जागी वस्ती आपल्याकडे राहिली आणि वस्तीचा झरा पलीकडे गेला. बायकांना हाकेच्या अंतरावरचं पाणी सोडून डोंगर उतरून जावं लागतं. वस्तीचं नाव त्याला धड सांगता आलं नाही. पण कुठलं शिखर, कुठला नाला, ते त्याने सांगितलं, आणि तुम्ही जेवण टाकून उठलात.

"आता या मुलांची नावं रोज पेपरात येतायत," त्या दुपारी तुम्ही शेजारच्या टीव्हीकडे हात करून म्हणालात. "त्यातलं एखादं माझ्या सहाशे मीटरमध्ये..."

बॅच आली. तुम्ही हात पुसलेत आणि नेहमीसारखी हजेरी घेतलीत.

तेव्हा मला लछमनदासांची बराक कळली. त्या दुपारी मी तुमच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं असं म्हटलं तरी चालेल. सणकी म्हणत होते त्याची लाज वाटली. आणि तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगायला लागले: सर, तुमची चूक नाही.

किती तऱ्हांनी सांगितली. दोन देशांचे सेनापती सह्या करतात, एका क्लार्कच्या बोटाने सीमा हलत नसते. तुम्ही म्हणायचात, सह्या कशावर करतात? टाइप केलेल्यावरच ना? मी म्हणायचे, झरा दुसऱ्याच कुठल्या जागेचा असेल. तुम्ही म्हणायचात, असेल. मी म्हणायचे, आणि तो सातच असेल तर? तुम्ही म्हणायचात, "असेल. पण मला माहीत नसताना मी तो केला." इथे येऊन आपण थांबायचो. मग दोघांपैकी कुणीतरी चहा सांगायचं.

काकूंना या सगळ्याचा वीट आला होता. अंबरनाथ पूर्वेला तुमच्या घरी मी जायचे तेव्हा त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "निघाला का तुमचा सात?" एकदा तुम्ही बाजारात गेला होतात, तेव्हा मला जवळ बसवून म्हणाल्या, "सवत आणली असती तर तिच्याशी भांडले तरी असते गं. या आकड्याशी कशी भांडू?" हसत म्हणाल्या, पण डोळे पुसले. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. आता दोघंही नाही आहात, म्हणून सांगते.

मशिनं गेली, कॉम्प्युटर आले. तुम्ही पन्नाशी ओलांडल्यावर माऊस धरायला शिकलात, तेही माझ्याकडून, आणि दर दोन मिनिटांनी विचारायचात, "आता काय करू?" इतका मोठा माणूस इतक्या लहान गोष्टी न लाजता विचारतो, हे बघून पोरी सैल व्हायच्या. माझी मुलगीही तुमच्याकडेच शिकली. ती आज जिथे आहे तिथे लोक तिला फार प्रश्न विचारते म्हणून नावं ठेवतात. ती तुमची देणगी. एवढं मात्र मी त्या पत्रकात घालायला हवं होतं.

काकू गेल्यावर वर्षभराने तुम्ही म्हणालात, मला तिकडे जाऊन यायचंय. बदलापूरची एक टूर श्रीनगर, कारगिल, लेह करत होती, ज्येष्ठ नागरिकांची. तुमचा मुलगा नको म्हणत होता. डॉक्टरांनी उंचीचा त्रास होईल म्हणून कुरकुर केली. तुम्ही ऐकेनात, तेव्हा मी बरोबर निघाले. माझे मिस्टर म्हणाले, जा, एकदाचं ते प्रकरण मिटवून या.

कारगिलच्या पुढे गाड्या एका वळणावर थांबवतात आणि रेषेपलीकडचं गाव दाखवतात. तिथे एक म्हातारा दुर्बीण मांडून बसला होता, शेजारी त्याच्याच घरच्यांची चहाची टपरी. आपल्या ग्रुपमधल्या बायका आळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावून "अय्या, माणसं दिसतायत" म्हणत होत्या. तुम्ही माकडटोपी घालून, चहाचा ग्लास धरून बाजूला उभे होतात. तुम्ही मनात धरलेली जागा इथेच कुठेतरी होती. हीच ती वस्ती, असं मात्र तुम्हालाही ठामपणे म्हणता येत नव्हतं.

गर्दी गाडीकडे वळल्यावर तुम्ही त्या म्हाताऱ्याला विचारलंत, की लाइन इथून कशी जाते. त्याने हाताने दाखवलं. तुम्ही विचारलंत, ती तिथूनच का जाते.

तो म्हणाला, "फ़ौज जहाँ बैठी, लाइन वहीं बैठ गई साहब. काग़ज़ बाद में आया होगा. हमने तो देखा नहीं."

"और पानी? यहाँ का चश्मा, मतलब झरना?"

"चश्मा तो इधर ही है. आप उसी की चाय पी रहे हो."

मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, झालं. पन्नास वर्षांचं ओझं या वळणावर उतरलं. तुम्ही ग्लासात बघत राहिलात. मग विचारलंत, "तो फिर उधर क्या गया?"

त्याने समोरच्या गावातल्या चार-पाच घरांकडे बोट केलं. "फूफी गई. उधर ब्याही थी. पैदल आधा घंटा लगता था." ती वारली तेव्हा इकडे दोन महिन्यांनी कळलं, असं त्याने सांगितलं. त्याच्या बापाने त्या दिवशी दुर्बीण लावून तिचं घर बघितलं होतं. घराला कुलूप होतं की नाही, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

तुम्ही आत्याचं नाव विचारलंत. त्याने सांगितलं, ज़ैनब. तुम्ही ते नाव दोनदा म्हटलंत आणि चहा तसाच ठेवून गाडीत येऊन बसलात.

गाडी सुटल्यावर मी म्हटलं, ऐकलंत ना सर? फौज बसली तिथे रेषा बसली, कागद नंतर आला. तुमच्या साताने काही झालं नाही. झरा इकडेच आहे.

"ही ती वस्ती नसेल तर?" तुम्ही म्हणालात.

मी दमले होते, सर. चार दिवस तुमच्या गोळ्या, तुमचा ऑक्सिजन, तुमची टोपी सांभाळत होते. इतक्या लांब येऊन, डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकूनही तुम्ही तिथेच होतात. मी बोलून गेले. "सर, तुम्हाला ती चूक हवीच आहे. ती काढून घेतली तर तुमच्याकडे राहतं काय?"

पुढच्या सीटवरच्या बाई चिवड्याचा डबा मागे देत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला. तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत. लेहपर्यंत आपण जेवणा-औषधांपलीकडे बोललो नाही.

परतल्यावर तुम्ही इन्स्टिट्यूटमध्ये येणं कमी केलंत, मग बंदच केलंत. गुडघे दुखतात म्हणालात. फोनवर नीट बोलायचात, पोरींची चौकशी करायचात, पण तो विषय काढायचा नाहीत. मी माफी मागायची म्हणून दोनदा तुमच्या इमारतीखालपर्यंत आले. एकदा लिफ्ट बंद होती म्हणून परत गेले, आणि एकदा काहीच कारण नव्हतं तरी परत गेले.

त्या गुरुवारी मात्र यावंच लागलं, परीक्षेच्या फॉर्मांवर प्राचार्य म्हणून तुमची सही हवी होती. तुम्ही प्रत्येक फॉर्म वाचूनच सही करत होतात. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. एका मुलीच्या जन्मतारखेत शंका आली, तर मला तिच्या घरी फोन लावायला लावलंत. मी घड्याळ बघत होते. सोनिवलीच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पाणी संध्याकाळी सहाला एकदाच येतं. मिस्टर गावी गेले होते, घरी भरायला कुणी नव्हतं.

शेवटचा फॉर्म माझ्याकडे देताना तुम्ही तो हातात धरून ठेवलात. माफीचं मी काढणार होते, तेवढ्यात तुम्हीच बोललात. "कुंदा, गाडीत तू म्हणालीस ते मी घेऊन बसलो होतो. खरं असेल. पण मला एक सांग. इतकी वर्षं मीच तुला सांगत आलो, विचारलं कधीच नाही. मी साहेबांना उठवायला हवं होतं का?"

मला तो जुनाच विषय वाटला. पुन्हा तीच पायवाट, पुन्हा तासभर. मी फॉर्म पिशवीत घातले आणि म्हटलं, "सर, रविवारी येते. निवांत बोलू. आता पाणी जाईल."

तुम्ही म्हणालात, "जा जा. पाणी महत्त्वाचं." दारापर्यंत सोडायला आलात. पाणी मला मिळालं. दोन्ही पिंपं भरली.

शनिवारी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. चहा उकळताना गेलात म्हणे. शेजाऱ्यांना गॅसचा वास आला.

अकरा दिवस मी त्या प्रश्नापाशी बसून आहे आणि मला एक गोष्ट उशिरा कळली. पंचवीस वर्षं मी तुम्हाला "तुमची चूक नाही" म्हणत आले, ते काही सगळं तुमच्यासाठी नव्हतं. तसं म्हटलं की विषय संपायचा आणि मला पुढच्या बॅचकडे वळता यायचं. काकूही तेच म्हणायच्या, मुलगाही तेच म्हणायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला एकटं पाडलं. तुम्ही आकड्याबद्दल बोलतच नव्हता. एक होता की सात होता, झरा इकडे की तिकडे, हे आम्ही धरून बसलो होतो. तुम्ही त्या दाराबद्दल बोलत होता, जिथून तुम्ही परत फिरलात. आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी काही विचारलं नाही, विचारायचा नियम तुमचाच असून.

म्हणून आता उत्तर देते. रविवार होऊन गेला, तरी देते.

हो, सर. उठवायला हवं होतं.

तुम्ही तेवीस वर्षांचे होतात, दमला होतात, साहेबांची दया आली, सगळं खरं. तरी उठवायला हवं होतं. मी हे त्या गुरुवारी म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं नसतं. तुम्ही मान हलवली असतीत, असं मला वाटतं, आणि बहुधा म्हणाला असतात, "हां. तेच म्हणतो मी."

साहेब रागावले असते. दोन शब्द बोलले असते. मग उशाशी चाचपून चष्मा लावला असता, कागद उजेडाकडे धरला असता, आकडा सांगितला असता आणि कूस बदलून पुन्हा झोपले असते. तुम्ही तो टाइप करून, कागद झाकून, जेवायला गेला असतात.